झाकणावरचे वार

रविवारी आमचा कुकर फुसफुसायला लागला की
ओझास्कोच्या सगळ्या चढाला कळायचं,
इव्होनेतला आज सुट्टी.
दोन किलो काळा घेवडा, लसूण, तमालपत्र,
स्वस्तातले डुकराचे कान.
आठ तोंडं. आणि आई पहाटे चारपासून
बसमध्ये सुटे पैसे मोजायची.

गार झालं की सगळं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत,
झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर वार.
माझं अक्षर बरं, म्हणून मी लिहायचो.
धाकटा देनील्सन तरी प्रत्येक झाकण उचकटायचा:
एखाद्यात खरंच स्ट्रॉबेरी असली तर?
नसायची.

त्या मंगळवारी वीज गेली ती आलीच नाही.
फ्रीझरखाली काळपट पाणी.
आईनं आल्या आल्या ते पायानं चाचपलं,
हसली की शिवी दिली, अंधारात कळलं नाही.

मग सगळे वार एकाच पातेल्यात.
शेजारची झुरासी भात घेऊन आली, तिची चार पोरं,
वरचा म्हातारा स्वतःचा चमचा घेऊन.
मेणबत्तीच्या उजेडात आम्ही गुरुवार खाल्ला,
शुक्रवार खाल्ला,
शनिवार पावानं पुसून घेतला.

ढेकर देत देनील्सन म्हणाला,
"म्हणजे उद्या रविवार?"

आई डबे घासत होती.
"हो," त्याला म्हणाली.
आणि मला, "साडेतीनला उठव."