कूतचा वेढा, तास चौथा

बाकं मागे सारली, फरशीवर खडूने गाव काढलं.
नदी वळते तिथे तीन ओढण्या पसरल्या,
निळी एकच मिळाली, बाकीच्या दोन पांढऱ्या.
प्रणिल मढवी म्हणाला, चालतंय सर,
आमची खाडीपण भरतीला एका रंगाची,
ओहोटीला दुसऱ्या.
तर ही टायग्रिस. आतले तुम्ही, बाहेर तुर्क.
तिकडे एकशे सत्तेचाळीस दिवस.
आपल्याकडे पस्तीस मिनिटं.

पुस्तकात हे महायुद्ध दीड पानात आटोपतं,
कारणे, परिणाम, मग स्वाध्याय.
पण कोपरखैरण्याच्या या शाळेतली
निम्मी पोरं माथाडींची, गावं पाटण, जावळी, मेढ्याकडची,
आणि त्याच घाटातून उतरलेली माणसं
मराठा पलटणींच्या हजेरीत होती तिथे.
हे सांगितल्यावर मागच्या रांगेतलं
च्युइंगगम थांबलं.

काटा शेडगेने आणला,
वडलांनी मार्केटातल्या गाळ्यावरून मागून दिलेला,
पारड्याला कांद्याचं एक साल अजून चिकटलेलं.
पीठ मोजलं. शेवटच्या दिवसांतला
एका शिपायाचा एका दिवसाचा वाटा
नाझनीनच्या ओंजळीत ठेवला.
ती बघत राहिली. म्हणाली, "आणि?"
आणि काही नाही.

मग घोड्यांचा प्रश्न निघाला.
खायचे की नाही, हात वर करा.
एकोणीस. बावीस. तिघांचे हात कानापर्यंतच.
कोणीतरी गरजलं, आधी धर्म की आधी पोट?
टाळ्या पडल्या.
माझ्या लक्षात राहिला खिडकीकडचा बारीक आवाज,
सर, घोड्याचं नाव काय होतं?

उरलेला वेळ पत्रांचा.
निम्मे शिपाई, निम्मे सेन्सॉर. नियम फळ्यावर:
जागा सांगायची नाही, भूक सांगायची नाही,
मेलेल्याचं नाव नको, साहेबाविषयी अवाक्षर नको.
काळे मार्कर वाटले. नाकात झोंबणारा वास, पोरं खूश,
लिहिण्यापेक्षा खोडणं केव्हाही सोपं.
एकाचं अख्खं पत्र काळं झालं, उरलं फक्त
"ती. आईस" आणि खाली कुठेतरी "म्हशीला".
म्हशीला काय, ते आता आईला कधीच कळणार नाही.
वर्ग खदखदून हसला,
आणि मग कसा कोण जाणे, हसायचा राहिला.

समिधा शेडगेचं पत्र सेन्सॉरने तसंच परत दिलं.
यात खोडण्यासारखं काही नाहीच, म्हणाला.

"आम्ही इकडे मजेत. जेवण वेळेवर.
काम हलकं आहे. पाठ आता दुखत नाही.
काळजी करू नये. पुढच्या महिन्यात जास्त पाठवतो."

मी म्हटलं, अगं, वेढ्यात आहेस तू,
तुझं दिवसाचं पीठ त्या ओंजळीत मावलं.
ती म्हणाली, हो सर.
पण पप्पा रविवारी गावाला फोन करतात,
तेव्हा असंच बोलतात.
कमरेला पट्टा आवळलेला असतो.
आम्ही तेवढा वेळ टीव्हीचा आवाज बारीक करतो.

माझ्या टाचणात इथे एक वाक्य होतं,
"यावरून आपण काय शिकलो?"
ते मी बोललो नाही.
घंटा झाली असती तर बरं झालं असतं,
पण सहा मिनिटं बाकी होती.
ती आम्ही नदीच्या कडेला
मांडी घालून काढली.
एकदोघांनी मार्करचं टोपण उघडलं, लावलं.
उघडलं. लावलं.

नंतर ओढण्या झटकल्या, बाकं पुढे ओढली.
मधल्या सुट्टीत फुलाबाई झाडायला आल्या
आणि पीठ बघून थबकल्या.
झाडू भिंतीला टेकवून त्यांनी ते
घटक चाचणीच्या जुन्या पेपरवर गोळा केलं,
तळहातावर घेऊन हात जरासा हलवला.
काटा समोरच होता, त्याच्याकडे बघितलंही नाही.
दीड भाकरी, म्हणाल्या.
बारकं पोर असेल तर पुरेल.
कोणासाठी ठेवलंय, सर?