दातांच्या दवाखान्यामागची खोली

मंगळवार आणि शुक्रवार, दोन ते पाच,
डॉक्टर तळपदे घरी जेवून झोपतात तेव्हा
त्यांची मागची खोली माझी असते.
तासाला तीनशे. पंखा धरून. एसी वेगळा.

चेंबूर नाक्यावरून आत, झेरॉक्सवाल्याच्या वर.
पाटीवर माझं नाव नाही अजून,
त्यांच्या पदव्यांखाली एक कागद फक्त:
समुपदेशन, वर या.
सेलोटेपचा कोपरा सुटतो,
येताना अंगठ्याने दाबते.

भिंतीवर दाढेचं चित्र, उभं कापलेलं,
लाल-निळ्या शिरा मुळापर्यंत.
काढू का विचारलं तर म्हणाले,
खिळ्याबरोबर पोपडा निघेल.
राहिलं.

पहिले आले ते.
नाव सांगता येत नाही. वय नाही. कामाला कुठे, तेही नाही.
एवढं सांगते की त्यांनी चपला बाहेर काढल्या
आणि आत येऊन विचारलं, काढायच्या होत्या का?
तोवर हिरूताईंनी विचारून घेतलेलं,
दाढ की पुढचा?
ते म्हणाले, नाही, मला बोलायचंय.
मग आत, म्हणाल्या त्या.

सगळं शिकले इंग्रजीतून.
पहिलं वाक्य तेवढं आरशासमोर मराठीत बसवलेलं:
कसं येणं केलंत?
बसने, ते म्हणाले. मग थोडं चालत.

नंतर अकरा मिनिटं काही नाही.
खाली झेरॉक्सचं यंत्र पानं ओकत होतं,
हिरूताईंच्या मोबाइलवर मालिकेतली सासू रडत होती.
शांतता पुसायला धावू नकोस,
आमच्या मॅडम म्हणायच्या, ती काही सांडलेली नसते.
मी धावले नाही.
पण पाणी प्यायले. तीनदा.

मग ते बोलले.

ते इथे येणार नाही.
एक शब्द तेवढा सांगते,
कारण तो काही त्यांच्या एकट्याचा नाही: घालमेल.
माझ्या फॉर्मवर एकवीस प्रश्न,
झोप, भूक, छातीतली धडधड, किती दिवसांपासून.
घालमेलीला चौकोन नव्हता.
समासात लिहिला, पेन्सिलीने,
आणि वाटलं, हा शब्द कुणीतरी
आतून कालथा फिरवत असतानाच केला असणार.

उठताना म्हणाले, तुम्ही नवीन आहात ना?
याचं उत्तर वर्गात घोटून घेतलं होतं,
प्रश्न परत कसा करायचा ते.
मी म्हटलं, हो.
मग बरं, म्हणाले.

पावती मागितली. माझ्याकडे पावतीपुस्तक नव्हतं.
हिरूताईंनी डॉक्टरांचं फाडून दिलं,
पाचशे रुपये, दंतचिकित्सा.
मी दंत खोडलं, सही केली.
त्यांनी घडी घालून वरच्या खिशात ठेवली,
जपून, लग्नाचा मुहूर्त काढून आणावा तशी.

घरी आई मेथी निवडत होती.
काय म्हणाले?
काही नाही.
पन्नास मिनिटं काही नाही? आणि गोळी?
गोळी नसते गं.
ती देठं मोडत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली,
तुझ्या वेळेला, पहिल्या वर्षी, मला पण ना...
आई, उद्या, मी म्हटलं. आज डोकं नाही.
बरं, म्हणाली. भाजीत एक मिरची कमी टाकली होती तिने,
मला सोसत नाही म्हणून.
उद्या मी विचारलं नाही. परवाही.

पुढच्या मंगळवारी कागदाचा दुसरा कोपरा सुटलेला.
दोन वाजून दहा मिनिटं.
हिरूताई दारातून म्हणाल्या,
तुमचे ते दाढ नसलेले,
खाली झेरॉक्सवाल्याकडे उभे आहेत कधीचे,
हातात कागद नाही काही नाही.
हाक मारू?

नको, म्हटलं.
आणि पाण्याची बाटली
टेबलाखाली, पायाशी सरकवून ठेवली.