कणकण

सोहारच्या हॉस्टेलात रात्री दोनलाही
भिंतींना दुपारच चिकटलेली.
तीनशे चौदाच्या दाराखालून
पिवळी वायर बाहेर, पॅसेजच्या सॉकेटपर्यंत.

ठोठावलं. दार वीतभरच उघडलं.
आतून स्कूटर टेकलेली,
आणि खोलीला दार एकच.
"अंकल, सकाळी लॅब आहे," मुहन्नद झोपेत.

प्लग काढला.
बॅटरीवर पालथा हात ठेवला,
लेकीच्या कपाळावर ठेवला होता तसा
एकदा, रजेत.
चांगलीच कणकण. कडेला फुगवटा,
बोटाला लागेल न लागेल एवढा.

"बुखार," म्हटलं. तेवढं त्याला कळतं.

चार्जर मित्राचा, दुसऱ्याच गाडीचा.
"चालतो की."
चालतो रे. रोज चालतो.

लिफ्ट नको म्हणालो. का, ते त्याने विचारलं नाही.
दोघांनी धरून जिन्याने उतरवली,
मध्ये दोनदा टेकलो, दम माझाच गेला.
आवाराच्या टोकाला सिमेंटची शेड,
खजुरांपासूनही लांब, शेजारी वाळूची बादली.
तिथे एकटी उभी केली.

सकाळी मी वायर गुंडाळत बसलेला.
हेल्मेट काखेत मारून तो पायीच निघाला,
फाटकातून वळून म्हणाला,
"अंकल, बुखार उतरला?"

क्षणभर वाटलं,
घरून फोन आलाय.