साठ सेकंद

साठ सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, एवढंच म्हणतात.
नाशिककडचा द्राक्षमळा, सहा महिने, राहायला खोली,
काम: वाइन चाखा, आणि मोबाइलवरून लोकांना सांगा.
उघड जाहिरात कायद्यात बसत नाही,
म्हणून पदाला नाव दिलंय, कथेकरी.

मी विशाखा हिलाल बेडसे. सव्वीस. देवपूर, धुळे.
आग्रा रोडच्या साडीवाल्याचे रील करते, महिना सहा हजार.
माझे स्वतःचे फॉलोअर चारशे बारा,
त्यात साठेक भाऊबंद, एक मोबाइल दुरुस्तीवाला,
आणि रसायनशास्त्राच्या जुन्या मॅडम,
ज्या कशालाही जोडलेले हात धाडतात.

बाटली आणली पिशवीतून, वर पोकळ्याची जुडी.
बाहेर चव्वेचाळीस अंश.
फ्रिजमध्ये आईचं उपासाचं सामान, तिथं नको,
म्हणून कुलरच्या टाकीत सोडली.
वाळ्याच्या पाण्यात दुपारभर ती
पत्र्याला टकटक करत राहिली,
कुणी हळूच कडी वाजवावी तशी.

पहिल्या वेळी मी म्हणाले:
हिच्यात ब्लॅकबेरी आहे, सीडर आहे, थोडं जुनं चामडं.
ब्लॅकबेरी मी पाहिलेली नाही.
सीडरला पानं असतात की काटे, माहीत नाही.
चामडं तेवढं ओळखीचं:
खुंटीवरचा पप्पांचा पट्टा, खात्याच्या बिल्ल्याचा.

पप्पा एकतीस वर्षं दारूबंदीत.
कागदावर उत्पादन शुल्क, पण साक्रीच्या पलीकडे
कुणी तसं म्हटलं नाही.
थेंब घेतला नाही कधी. पण नाक!
नाल्याच्या काठानं जाता जाता थांबायचे:
इथं मोह. परवाचा. नवसागर जरा जास्तच.
काठी टोचली की मडकं.
मडकी फोडून घरी आले की
आई अंगणातच पाणी द्यायची,
आणि त्याआधी मी, पाच वर्षांची,
त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून
ओळखायचे, आज कोणता डोंगर.

दुसऱ्या वेळी मी अहिराणीत बोलले.
म्हटलं, आधी तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याचं साल,
काळं, फुटलेलं.
मग कच्चं जांभूळ, जीभ कडेनं आवळून धरणारं.
गिळल्यावर जरा थांबा,
घाई करू नका,
चुलीवरून उतरलेलं खापर निवताना
येतो ना वास, तो

आणि लाइट गेली.

कुलर थांबला तसे पप्पा दारात, बनियनवर, हातात पुठ्ठा.
"हाई काय शे व?"
फोन उडदाच्या डब्याला टेकलेला, चालूच.
खोटं बोलायला वेळ नव्हता. ग्लास दिला,
फालुद्याचा, उंच बुडाचा, पाच कंदिलावरून आणलेला.
ते प्याले नाहीत.
मनगट एकदाच फिरवलं, न्यायालयात मुद्देमाल दाखवताना फिरवत असतील तसं,
डोळे मिटले,
आणि इतका वेळ मिटलेलेच की मला वाटलं
आता बोलतील ते.
"याले वल्ला दगडना वास येस.
इहीरमजारला."

मी घोट घेतला.
होता. तळाशी, गार, होता दगड.

ग्लास ओट्यावर ठेवत म्हणाले,
पंचनाम्यात आम्हाला एकच शब्द पुरायचा: उग्र.
आणि पुठ्ठ्यानं वारा घेत बाहेर गेले.

एक मिनिट चाळीस झालं सगळं. फॉर्म साठच घेतो.
मी माझं कापलं. ब्लॅकबेरी तर आधीच गेली होती,
वांगंही गेलं, जड मनानं जांभूळ गेलं.
राहिला अंधार, एक मनगट, आणि दगड.
अनुभव किती वर्षं, या रकान्यात एकतीस लिहिलं,
खोडलं,
परत लिहिलं.

लाइट आलीय. कुलर पुन्हा घरघरतोय.
बाटलीचं लेबल सुटून टाकीत कुठंतरी चिकटलंय,
आणि आई आतून विचारतेय,
आज वाऱ्याला डिंकाचा वास का येतोय.