फाइलमधले हात

स्लायगोच्या आमच्या पेपरात
फोटोंच्या टेबलावर मी अकरा वर्षं.
बातमीत 'पॅलिएटिव्ह केअर' दिसलं
की बोट आपसूक एकाच फोटोवर जायचं:
सुरकुतलेला एक हात, त्यात कोवळा एक हात,
मागे पांढरं काहीतरी, चादर असावी,
आणि खिडकीतून जरा जास्तच ऊन.
चेहरा नाही. चेहरा असला की वकील चौकश्या करतात.

निधी आटला, हेच हात.
मंत्र्यांनी नव्या वॉर्डाची फीत कापली, हेच हात.
इच्छामरणावरून संसदेत खडाजंगी झाली
तेव्हाही हेच, थोडे काळपट करून.
मथळ्याला तर तोशीसच नसे.
'झुंज' घ्यायची, पुढे 'अपयशी' ठेवायचं,
नाहीतर 'अखेरचा' घेऊन त्याला
श्वास, प्रवास, निरोप,
रकान्यात मावेल ते जोडायचं.
मी हिशोब केला नाही कधी,
पण ते हात माझ्या हातून
चाळीसेक वेळा तरी मेले असतील.

मग एका मंगळवारी फोन.
'टबरकरीहून अट्रॅक्टा गिल्मार्टिन बोलतेय.
तो हात माझा आहे.'
मला काही सुचेना.
'करंगळी बघ, वाकडी आहे.
गोठ्याच्या दारात गाईनं चेंगरली होती.
आणि लहान हात आमच्या फिंटनचा.
दाढ काढायची होती त्याची, थरथरत होता पोरगा.
मागे दिसतोय तो दातांच्या डॉक्टरचा पडदा.
धीर मी देत होते रे, तो नव्हे.'

मी माफीची वाक्यं जुळवू लागलो.
'ते राहू दे,' ती म्हणाली,
'आता ती माणसं खरंच येतात माझ्याकडे.
दर गुरुवारी. ये बघायला.'

गेलो. नर्स डर्व्हला बुटांचा चिखल दारात झटकत आली,
आणि पहिला प्रश्न: 'पोट साफ झालं का?'
त्यावर अट्रॅक्टानं दिलेलं उत्तर
सविस्तर होतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.
मॉर्फिनची बाटली मुरंब्याच्या बरणीशेजारी,
आठ महिने झाले होते तिला तिथे,
आणि मी समजत होतो,
ती बाटली घरात आली की माणूस आठवड्याचा सोबती.
रात्रीची कळ उतरल्यापासून
म्हातारी पत्त्यांत पुन्हा लबाडी करू लागलीय,
असं शेजारी सांगत होता. तो हरला होता.
फाटकाला रंग कुठला, यावरून मुलाशी अबोला.
डर्व्हलानं दोघांचं ऐकलं, डोस थोडा वाढवला,
फाटकावर मत दिलं नाही.

फोटो मी काढला:
तोंडात पावाचा घास, हसताना पडलेला चहा,
जमिनीवर बसून डर्व्हला तिची पायनखं कापतेय.
संपादकांनी लांबून पाहिला, जवळून पाहिला.
'ही आजारी वाटत नाही.'
आहे, मी म्हटलं.
'वाचकाला कसं कळणार?'
फोटो चौदाव्या पानावर गेला,
गुरांच्या बाजारभावाखाली, अर्ध्या आकारात.
पायनखं छाटली गेली.

मार्चमध्ये अट्रॅक्टा गेली.
घरच्यांनी निधनवार्ता पाठवली, चार ओळी.
झुंज नव्हती तिच्यात. फाटकाचा उल्लेख होता,
शेवटी हिरवंच झालं म्हणे.

त्या संध्याकाळी उशिरा
मी जुन्या फोटोचं नाव बदललं.
'वृद्ध हात ३' खोडलं,
'मृत्यू, निरोप, रुग्णालय' हे शोधशब्द खोडले.
परवा माझ्या जागी आलेली नवी मुलगी विचारत होती,
ते हात कुठे गेले हो, सगळे वापरतात ते?
मी सांगितलं, आहेत तिथेच.
फक्त आता 'दाढ' असं शोधावं लागतं.