निरगाठ, सुरगाठ

माल्पिकाच्या धक्क्यावर, वाऱ्याकडे पाठ करून
आम्ही सहा जणी जाळी दुरुस्त करतो.
हिरवा दोरा, लाकडी सुई.
एर्मिंदा म्हणते, तुझी गाठ खेकड्यालाही सुटत नाही.

म्हणून तर विचारलं मी डॉक्टर लोउरेइरोला:
आत कुठली गाठ मारणार तुम्ही?
तो हसला नाही. बरं वाटलं.
कागदावर दोन नळ्या काढल्या, टोकाला झालर.
एक चिकटलेली, एक मध्येच बुजलेली.
सोळाव्या वर्षी फुटलेल्या अपेंडिक्सचं
हे राहून गेलेलं देणं.
दोरा केसाहून बारीक असतो, म्हणाला,
सूक्ष्मदर्शकाखाली बांधावा लागतो.
मी म्हटलं, निरगाठ घाला. सुरगाठ नको.

मग तो म्हणाला, समजा शंभर बायका...
आणि मी त्या शंभर जणी धक्क्यावर उभ्या केल्या.
काही चढ चढून गावात गेल्या, बाबागाडी ढकलत.
काहींना रात्रीच गाडीत घालून नेलं.
उरलेल्या तिथेच, समुद्राकडे बघत.
माझा नंबर कितवा
ते कागदावर नव्हतं.

अकराव्या महिन्यात पट्टीवर दुसरी रेघ.
ब्राइस सार्डिनच्या मागे, फोनला रेंज नाही.
मी रेघ आरशापाशी ठेवली
आणि घरात कोणी नसताना दार लावून घेतलं.

आठ दिवसांनी डावा खांदा दुखायला लागला.
जाळं ओढून दुखत असेल.
गरम पाण्याची पिशवी घेतली, बटाटे सोलले,
अर्ध्या बटाट्यावर खाली बसले.

खांद्याचा आणि पोटातल्या रक्ताचा काय संबंध,
ते नंतर नर्सने सांगितलं.
डावी नळी काढली.
टाके पक्के होते, लोउरेइरो म्हणाला,
हळू आवाजात, माझ्या पायांकडे बघत.
असणारच.
जाळं नीट विणलं की त्यात अडकतंच कोणीतरी.

पुढचं सगळं काचेत.
म्हणजे आता वाटच नको.
ज्या वाटेसाठी पोट उघडलं
तिला वळसा घालून जायचं.
नऊ बीजं. त्यातली पाच. त्यातली दोन.
पहिलं मार्चमध्ये गेलं,
पाळी यावी तसं, दुपारी, बेकरीच्या रांगेत.
पाव घेतला. सुटे पैसे मोजून दिले.

दुसरं परवा आत ठेवलंय.
चौदा दिवस.
ब्राइस विचारतो, काही वाटतंय का?
वाटतं. जे वाटतं ते सगळं मागच्या वेळीही वाटलं होतं.

आज समोर मोठं भोक आहे, अकरा डोळ्यांचं,
डॉल्फिनने फाडलेलं.
कड कापून घ्यावी लागते आधी,
चांगला दोराही थोडा जातो त्यात.
एर्मिंदाला चार मुलं, तोंड कधी बंद नसतं.
आज तिने काही विचारलं नाही.
फक्त स्टूल उचललं
आणि वारा येतो त्या बाजूला येऊन बसली.