छाट

साखर पेठेत, विडी कारखान्याच्या शाखेत,
जिन्याखालच्या खोलीत माझा पहिला फॉर्म चालू झाला.
करड्या खिडकीवर अकरा चेकबॉक्स, एकाखाली एक,
फूटपट्टी लावावी तसे ओढून ओढून
मी ओळीत बसवलेले.
हजर. पान घेतलं. तंबाखू घेतली. सूत.
आणि तळाशी, जागा उरली होती म्हणून:
छाट कापली.

छाट म्हणजे मुकादमाने सुपातून बाजूला काढलेल्या,
तोंड नीट न मिटलेल्या, पोट सैल राहिलेल्या विड्या.
त्यांची मजुरी मिळत नाही.
विड्याही परत मिळत नाहीत.
"रोज थोडी निघतेच की," मॅनेजर बिराजदार म्हणाले,
"दर वेळी कोण टिक मारत बसणार? आधीच मारून ठेवा."
ठेवली.
एका ओळीचं काम. व्हॅल्यू बरोबर एक.
मी डबा खात होते तेव्हा,
एन्टरवर शेंगाचटणीचं तेल लागलं
एवढंच आठवतं.

मला माहीत नव्हतं असं नाही.
पुस्तकात होतं, ते पान मीच दुमडलेलं:
चेकबॉक्सला कोडमधून खूण केली
तरी क्लिकची घटना घडते.
बोट नाही, माऊस हललेला नाही,
तरी क्लिक.
आणि त्या क्लिकच्या पोटात
मी वजाबाकी लिहून ठेवली होती.
फॉर्म उघडला की एकदा,
सेव्ह दाबलं की पुन्हा.
एकोणीस दिवस. एकशे बारा बायका.
कॉम्प्युटर कशाला चुकेल, असं सगळे म्हणत होते.
मीही.

विसाव्या दिवशी यल्लम्मा चिलवेरी आली.
दुपारचे तीन, लाइट गेलेली,
यूपीएस कण्हत होता.
पदराची गाठ सोडून तिने चिंचोके काढले,
कीबोर्डशेजारी मांडले, दोन दोन करून.
"छाटीचे माझे रोज दोन कट्टे.
तुझ्या डब्यात चार कसे?"

तिला दाखवायला मी फॉर्म उघडला.
खूण आपोआप आली.
ती पडद्याजवळ वाकली,
सुपातली विडी निरखावी तशी.
"तू बोट लावलं नाहीस."
"नाही."
"मग कोणी दाबलं?"
"प्रोग्रामने."
ती गप्प राहिली. मग माझ्याकडे न बघता,
"अंटे नुव्वे."

म्हणजे तूच.
भद्रावती पेठेत वाढलेल्या मुलीला
तेवढं तेलुगू येतं.

दुरुस्ती चार ओळींची निघाली.
एक व्हेरिएबल, फॉर्म उघडेपर्यंत खरं, मग खोटं,
आणि क्लिक आलं की त्याला दारातच विचारायचं,
कुणाच्या बोटाने आलंस?
कुणाच्याच नसेल तर परत जा.
तळाची चौकट मी रिकामी केली.
ज्याला कापायचं त्याने त्या त्या बाईचं नाव वाचून
स्वतः दाबावं.
"दिवसात एकशे बारा वेळा?" बिराजदार म्हणाले. "बोट दुखतं हो."
यल्लम्माच्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही,
मजुरीच्या वहीत तिच्या नावापुढे
नुसता जांभळा डाग असतो.
ते मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

मागच्या पैशांसाठी आणखी एक चेकबॉक्स केला:
फरक परत दिला.
चेकबॉक्सला तिसरी अवस्थाही असते, व्हॅल्यू दोन,
खूण असते पण करडी,
ना हो, ना नाही.
बिराजदारांना हीच सगळ्यात आवडली.
"हेड ऑफिसला कळवलंय," म्हणाले, "तोवर असू द्या तशा."

सत्तावीस काळ्या झाल्या.
बाकीच्या अजून करड्या आहेत.
एका क्लिकचं काम आहे, माझ्याकडे पासवर्ड आहे.
संध्याकाळी शटर ओढायच्या आधी
मी माऊस चिलवेरी नावापर्यंत नेते,
आणि बोट उचलून घेते.